टू-स्ट्रोक हलक्या विमान इंजिनांचे सुरक्षित कार्यतापमान

टू-स्ट्रोक हलक्या विमान इंजिनांचे सुरक्षित कार्यतापमान म्हणजे अल्ट्रालाइट, मायक्रोलाइट, पॉवर्ड हँगग्लायडर व पॅरामोटर यांसारख्या हलक्या हवाई वाहनांवर बसवलेले दोन धावांचे पेट्रोल इंजिन ज्या तापमानमर्यादांच्या आत चालवले असता त्याच्या पिस्टन, सिलिंडर, रिंगा व बेअरिंगांना इजा पोहोचत नाही, त्या मर्यादांचा संच होय. हे तापमान एका आकड्यात सांगता येत नाही. ते निदान दोन ठिकाणी, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याशी आणि एक्झॉस्ट नळीत, मोजावे लागते; पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात शीतक द्रवाचे तापमान हे तिसरे माप असते. प्रत्येक मापाला कमाल मर्यादा असते हे सर्वश्रुत आहे. पण काही मापांना किमान मर्यादाही असते आणि ती ओलांडूनही, म्हणजे इंजिन पुरेसे गरम नसतानाही, ते आकाशात जाम होऊ शकते, ही गोष्ट नवशिक्या वैमानिकांच्या ध्यानात सहसा उशिरा येते.

या इंजिनांच्या मालकपुस्तिकांत उत्पादकच स्पष्ट इशारा देतात की, हे इंजिन प्रमाणित विमान इंजिन नसून ते केव्हाही अचानक बंद पडू शकते. इंजिन बंद पडले तरी विमान तरंगत खाली येते हे खरे. परंतु खाली मोकळे शेत आहे की आमराई, नदी आहे की विजेच्या तारा, हे त्या क्षणी वैमानिकाच्या हाती नसते.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हँगग्लायडरला इंजिन जोडण्याचे प्रयोग सुरू झाले तेव्हा विमानासाठी मुद्दाम घडवलेले एवढे लहान इंजिन उपलब्ध नव्हते. हौशी मंडळींनी गो-कार्टची, लाकूड कापण्याच्या करवतींची आणि बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिलची इंजिने उचलली. वजनाच्या मानाने भरपूर शक्ती, मोजकेच हलते भाग आणि कमी किंमत हे टू-स्ट्रोकचे गुण या कामी आले. अमेरिकेत १९८२ साली लागू झालेल्या अल्ट्रालाइट नियमांनी (भाग १०३) इंजिनसह रिकाम्या वाहनाचे वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११५ किलोग्रॅमच्या आत ठेवण्याची अट घातली. तिच्यामुळे तर जड चार-स्ट्रोक इंजिनाला त्या वर्गात जवळजवळ जागाच उरली नाही.

ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीची ४४७, ५०३ आणि ५८२ ही इंजिने पुढे या क्षेत्रात सर्वाधिक रूढ झाली. १९७० साली कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने रोटॅक्स विकत घेतल्यावर तिची इंजिने स्की-डू स्नोमोबिलला लागत असत. विमानाची इंजिने याच वंशातली. जर्मनीचे हिर्थ आणि इटलीचे सिमोनिनी हीही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. भारतात बंगळूरच्या राज हंस अल्ट्रालाइट्स या कंपनीने बनवलेल्या एक्स-एअर विमानांवर रोटॅक्स ५०३ व ५८२ ही इंजिने बसवली जात.

स्नोमोबिलचे इंजिन शून्याखालच्या हवेत, क्षणात जोरात तर क्षणात मंद असे चालते. तेच इंजिन विमानावर चढले की त्याला तासन्‌तास आपल्या शक्तीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर एकसारखे खपावे लागते, तेही कधी चाळीस अंशांच्या उन्हात. तापमानाचा प्रश्न मुळात इथून उद्भवतो.

उष्णता कोठून येते, कोठे जाते

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. टू-स्ट्रोकमध्ये ते दर फेरीला होते. मिनिटाला ६,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला शंभराहून अधिक स्फोट होतात. पिस्टनच्या माथ्याला दोन स्फोटांमध्ये उसंत अशी मिळतच नाही. त्यातून चार-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे येथे तेलाची वेगळी टाकी, पंप व फवारा नसल्याने तेलाकरवी उष्णता वाहून नेण्याची सोयही नसते.

पिस्टनमधील उष्णता बाहेर जाण्याचे मार्ग मुख्यत्वे दोन. पहिला रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे आणि तेथून पंख्यांच्या पात्यांसारख्या पन्हाळ्यांकडे किंवा पाण्याकडे. दुसरा मार्ग ताज्या मिश्रणाचा: क्रँककेसमध्ये ओढलेले थंड पेट्रोल-हवा मिश्रण पिस्टनला खालून स्पर्श करून जाते आणि पेट्रोलचे बाष्पीभवन होताना बरीच उष्णता शोषून नेते. पेट्रोल अशा रीतीने या इंजिनात तीन कामे करते: ते जळते, तेल वाहून आणते आणि थंडावाही देते. मिश्रणातील पेट्रोल घटले की ही तिन्ही कामे एकाच वेळी लंगडी पडतात. जुन्या चेतक स्कूटरच्या किंवा लूनाच्या मालकांना पेट्रोलपंपावर मापाने तेल घालून घेतल्याचे आठवत असेल. विमानाच्या इंजिनातही तेच तत्त्व आहे आणि प्रमाणही साधारण तेच, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. रोटॅक्स ५८२ मध्ये तेल वेगळ्या टाकीतून पंपाद्वारे मिसळण्याची सोय असते, पण तेल पोहोचते ते इंधनाच्या प्रवाहाबरोबरच.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. उंचावरून थ्रॉटल पूर्ण मिटून विमान वेगाने खाली सोडले तर वाऱ्याने प्रोपेलर आणि त्यासोबत इंजिन फिरतच राहते, पण पेट्रोल जवळजवळ बंद झाल्याने तेलही बंद झालेले असते. तापमापक त्या वेळी निश्चिंत करणारे आकडे दाखवीत असतो.

प्रसरणाचे गणित

इंजिन जाम होणे, कारागिरांच्या भाषेत ‘सीज’ होणे, हे बहुतेक वेळा वितळण्यामुळे नव्हे तर प्रसरणामुळे घडते. पिस्टन ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो आणि पुष्कळ इंजिनांत सिलिंडरचे अस्तर बिडाचे असते. तापमान वाढले की ॲल्युमिनिअम बिडापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट ते दुप्पट फुगते.

रोटॅक्स ५०३ च्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आहे. तेवढ्या व्यासाच्या पिस्टनचे तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले तर त्याचा व्यास सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढतो. बिडाच्या अस्तराचा तेवढ्याच वाढीला सुमारे ०.०८ मिलिमीटरने. फरक ०.०६ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास कागदाच्या जाडीइतका. पिस्टन व सिलिंडर यांच्यातील मोकळी फटही याच मापाची असते. दोघे बरोबरीने तापत राहिले तर उत्पादकाने ठेवलेली फट पुरते. पिस्टन एकटाच झपाट्याने तापला आणि सिलिंडर मागे राहिला, तर फट नाहीशी होते, तेलाचा पातळ थर पुसला जातो आणि धातू धातूला चिकटतो. इंजिनाच्या दृष्टीने तापमानाच्या आकड्यापेक्षा या दोन भागांतील तफावत अधिक घातक आहे.

वितळणे हा दुसरा, अधिक भीषण प्रकार. शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, पण पिस्टनचा सिलिकॉनमिश्रित धातू त्याहून शंभरेक अंश अलीकडेच मऊ पडून वितळू लागतो आणि त्याची ताकद तर ३०० अंशांपुढेच झपाट्याने घसरते. मिश्रण फार विरळ झाले किंवा नॉकिंग, म्हणजे ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा स्फोट, सुरू झाले की पिस्टनच्या माथ्याला काही सेकंदांत भोक पडू शकते.

मापे आणि त्यांचा अर्थ

सिलिंडर-हेड तापमान (संक्षेपाने सी.एच.टी.) स्पार्क प्लगखाली वॉशरप्रमाणे बसवलेल्या थर्मोकपलने मोजतात. धातूचा मोठा गोळा तापायला व निवायला वेळ लागतो, म्हणून हा काटा संथ चालतो. काय घडून गेले ते तो सांगतो.

एक्झॉस्ट वायूचे तापमान (ई.जी.टी.) नळीत खोवलेल्या सळईने मोजतात. हा काटा चपळ असतो. मिश्रणात बदल झाला की काही सेकंदांत हलतो. मात्र ई.जी.टी. म्हणजे पिस्टनचे तापमान नव्हे. सिलिंडरातील ज्वलन २,००० अंशांच्या पुढे होते, आणि सळईला जाणवते ती जळालेले वायू व त्यांत मिसळून निसटलेले ताजे मिश्रण यांची सरासरी. त्यामुळे वेगवेगळ्या इंजिनांच्या किंवा वेगवेगळ्या जागी बसवलेल्या सळयांच्या आकड्यांची तुलना करणे निरर्थक ठरते. रोटॅक्स इंजिनांसाठी सळई पिस्टनपासून सुमारे १०० मिलिमीटर अंतरावर बसवण्याची शिफारस आहे. ती दूर सरकवली की आकडा खाली येतो, इंजिन मात्र होते तेवढेच तापलेले राहते.

हवेने थंड होणाऱ्या रोटॅक्स ५०३ साठी सी.एच.टी. नेहमीच्या उड्डाणात १९० ते २३० अंश सेल्सियस आणि कमाल २५० अंश अशी मर्यादा दिलेली आहे. ४४७ साठी नेहमीचा पट्टा तोच, पण कमाल २६० अंश. या दोन्हींत ई.जी.टी. साधारणतः ४६० ते ५८० अंशांच्या दरम्यान असावे आणि ६५० अंशांवर कदापि जाऊ नये. पाण्याने थंड होणाऱ्या ५८२ चे सिलिंडर-हेड याहून पुष्कळच थंड असते: नेहमीचे ११० ते १३०, कमाल १५० अंश. त्याचे ई.जी.टी. ५०० ते ६२० अंश, कमाल पुन्हा ६५०. शीतकाचे तापमान किमान ६५ व कमाल ८० अंश. हे आकडे त्या त्या प्रारूपाचे आहेत. एका इंजिनाची मर्यादा दुसऱ्याला लावल्याने अनर्थ होऊ शकतो, हे ५०३ आणि ५८२ यांच्या सी.एच.टी.मधील शंभर अंशांच्या फरकावरूनच दिसते. पॅरामोटरच्या लहान इंजिनांच्या मर्यादाही निराळ्या असतात आणि त्या त्यांच्याच पुस्तिकेतून घ्याव्या लागतात.

पुष्कळ जुन्या तापमापकांवर आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. ६५० अंश सेल्सियस म्हणजे १,२०० अंश फॅरनहाइट, आणि २५० अंश सेल्सियस म्हणजे सुमारे ४८० अंश फॅरनहाइट.

दोन सिलिंडरांचे काटे शेजारी शेजारी वाचण्याला फार महत्त्व आहे. दोन्ही सिलिंडरांचे तापमान एकाच वेळी वाढले तर कारण दोघांना समान असणार: हवामान, इंधन, प्रोपेलरचा भार किंवा शीतनयंत्रणा. एकाचेच वाढले तर दोष त्या सिलिंडरापुरता असतो, जसे कार्ब्युरेटर जोडणाऱ्या रबरी नळीला पडलेली चीर, क्रँकशाफ्टचे झिजलेले सील, तुंबलेला जेट. तडा गेलेल्या रबरातून आत शिरणारी हवा मिश्रण विरळ करते आणि हा दोष जमिनीवर डोळ्यांना दिसण्यापूर्वी ई.जी.टी.च्या काट्यावर उमटतो.

सी.एच.टी. आणि ई.जी.टी. यांचा मेळही पाहावा लागतो. नॉकिंग सुरू झाल्यावर जास्त उष्णता धातूत शिरते आणि एक्झॉस्टमधून कमी बाहेर पडते. अशा वेळी ई.जी.टी. उतरत असताना सी.एच.टी. चढत असते. केवळ ई.जी.टी. पाहणारा वैमानिक याच क्षणी सुटकेचा निःश्वास टाकण्याची चूक करतो.

थंड इंजिनाचा धोका

इंजिन सुरू करताच पिस्टन काही सेकंदांत तापतो, सिलिंडरचे जाड अंग मात्र मागाहून. म्हणून जमिनीवर इंजिन मंद वेगाने, सुमारे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर, काही मिनिटे चालवून सर्व भागांना समान तापू देण्याची पद्धत आहे. ५८२ च्या बाबतीत शीतक ६५ अंशांवर येईपर्यंत उड्डाणासाठी पूर्ण थ्रॉटल देऊ नये. सकाळच्या थंडीत वारा पडलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि उडण्याची घाई झालेली असते. थंड अवस्थेत इंजिन जाम होण्याचा धोकाही नेमका याच वेळी सर्वाधिक असतो.

याहून फसवा प्रकार उतरणीवर घडतो. पाण्याच्या इंजिनात थर्मोस्टॅट असल्यास थ्रॉटल मिटून दीर्घ काळ खाली येताना इंजिन थंड होऊ लागते, थर्मोस्टॅट बंद होतो आणि रेडिएटरमधले पाणी बाहेरच्या वाऱ्याने गार पडत राहते. धावपट्टीजवळ आल्यावर काही कारणाने पुन्हा वर जावे लागले, पूर्ण थ्रॉटल दिले, की पिस्टन ताबडतोब तापून फुगतो. तेवढ्यात थर्मोस्टॅट उघडतो आणि रेडिएटरमधले गार पाणी सिलिंडरभोवती येऊन त्याला आकसवते. आतला भाग फुगत असताना बाहेरचा आकसतो. ही घटना घडते तेव्हा विमान जमिनीपासून थोड्याच उंचीवर, कमी वेगात आणि नाक वर करून असते. उतरण्यासाठी जागा निवडायला सर्वात कमी वेळ असलेली ही स्थिती आहे. म्हणूनच उतरताना थ्रॉटल पूर्ण न मिटता थोडी शक्ती ठेवणे, दीर्घ उतरणीत अधूनमधून थ्रॉटल हळूच उघडून इंजिनाला ऊब देणे आणि पुन्हा शक्ती देताना ती एकदम न देता दोन-तीन सेकंदांत वाढवत नेणे, अशी शिस्त पाळली जाते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत पाण्याचा हा धक्का नसतो, तरी तत्त्व तेच राहते. त्यांतही दोन प्रकार आहेत. पट्ट्यावर चालणारा पंखा असलेल्या इंजिनाला विमानाचा वेग कितीही असला तरी वारा मिळतो. पट्टा सैल झाला किंवा तुटला तर मात्र सी.एच.टी. भराभर चढते. पंखा नसलेली इंजिने सर्वस्वी उड्डाणाच्या वाऱ्यावर विसंबून असतात, त्यामुळे पूर्ण शक्तीने सावकाश चढताना ती सर्वाधिक तापतात आणि उतरताना सर्वाधिक गार होतात.

प्रोपेलरचा भार

इंजिनाचे तापमान प्रोपेलरच्या पात्यांच्या कोनावर अवलंबून असते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. कोन जास्त असला तर पाते हवेचा मोठा घास घेते आणि इंजिनावर भार पडतो. चढावर वरच्या गिअरमध्ये स्कूटर दामटावी तसे इंजिन पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे गाठत नाही, सी.एच.टी. वाढते, ई.जी.टी. मात्र कमी दिसते. कोन कमी असला तर उलट घडते. इंजिन भाराविना भन्नाट फिरते, थोड्याच थ्रॉटलवर भरपूर फेरे मिळतात, सी.एच.टी. उतरते आणि ई.जी.टी. चढते.

या दुसऱ्या प्रकाराचे मूळ कार्ब्युरेटरच्या रचनेत आहे. या इंजिनांवर बहुधा असणाऱ्या बिंग कार्ब्युरेटरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोलचे प्रमाण मुख्य जेट ठरवतो. साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलच्या दरम्यान ते निमुळत्या सुईवर ठरते. थ्रॉटल कमी असताना सुईचा जाड भाग जेटमध्ये बसलेला असतो आणि पेट्रोल अडवतो. भार कमी असल्याने इंजिन मात्र त्या थ्रॉटलच्या मानाने अधिक वेगाने फिरून अधिक हवा ओढत असते. मिश्रण विरळ होते. यामुळेच या इंजिनांत सर्वाधिक ई.जी.टी. पूर्ण शक्तीवर आढळत नाही; ते मधल्या, म्हणजे ५,००० ते ५,५०० फेऱ्यांच्या प्रवासी वेगावर किंवा नाक खाली करून अर्ध्या थ्रॉटलवर उतरताना आढळते.

कमी शक्ती म्हणजे कमी ताप, हा मोटारगाडीतला अनुभव येथे लागू पडत नाही. सरळ उड्डाणात ई.जी.टी. मर्यादेकडे सरकू लागले तर थ्रॉटल किंचित मिटल्याने ते आणखी वाढण्याची शक्यता असते. अनुभवी वैमानिक अशा वेळी त्या फेऱ्यांच्या पट्ट्यातून बाहेर पडतात: विमानाचे नाक थोडे उचलून प्रोपेलरवर भार आणतात आणि थ्रॉटल वाढवून मुख्य जेटच्या अंमलाखाली येतात, किंवा शक्ती पुरेशी उतरवून जवळच्या मैदानाकडे वळतात. मधल्या पट्ट्यातला हा दोष वारंवार दिसत असेल तर जमिनीवर सुईची चकती एक खाच खाली बसवून सुई वर उचलतात, म्हणजे पेट्रोल वाढते. तत्पूर्वी प्रोपेलरचा कोन तपासणे इष्ट असते. पूर्ण थ्रॉटलवर सरळ उड्डाणात इंजिन आपल्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांजवळ पोहोचेल असा कोन योग्य मानला जातो. कोन चुकलेला ठेवून जेट बदलत बसणे म्हणजे तापाचे कारण न शोधता तापमापकच झटकत राहणे होय.

हवामान, उंची आणि इंधन

साध्या कार्ब्युरेटरला हवेची घनता समजत नाही. हवा दाट झाली की मिश्रण विरळ होते, हवा विरळ झाली की मिश्रण पेट्रोलाने दाट होते. समुद्रसपाटीपासून उंच जाताना ई.जी.टी. म्हणूनच हळूहळू उतरते, आणि थंडीत ते चढते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत येतो. विदर्भात मे महिन्यात दुपारी तो ४० अंशांच्या पुढे असतो. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी बदलते. उन्हाळ्यात नीट बसवलेला जेट हिवाळ्यात तसाच ठेवला तर मिश्रण विरळ पडून ई.जी.टी. मर्यादेला भिडू शकते. उन्हाळ्यात इंजिन तापते आणि हिवाळ्यात ते सुरक्षित असते, ही सर्वसाधारण समजूत सी.एच.टी.बाबत बऱ्याच अंशी खरी आहे, ई.जी.टी.बाबत ती उलटी आहे. उत्पादक तापमान व उंचीनुसार जेटचे माप सुधारण्याचा तक्ता पुस्तिकेत देतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे जुळवलेले इंजिन कोकण किनाऱ्यावर नेले तर तेथील दाट हवेत मिश्रण विरळ पडते आणि हा तक्ता पुन्हा पाहावा लागतो.

भारतात इथेनॉलचा प्रश्न अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. पंपांवरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातला मोठा वाटा महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येतो. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्याने ते जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला केवळ ९. जेट न बदलता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरल्यास मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. ज्या इंजिनाचे ई.जी.टी. आधीच वरच्या टोकाला असेल त्याला एवढा फरक पुरेसा आहे. इथेनॉल हवेतली आर्द्रताही शोषते. पाणी पुरेसे साठले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि जुनी रबरी नळी व सीलही त्याने खराब होतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत इथेनॉलची जी कमाल मर्यादा दिली असेल तिच्या पलीकडचे इंधन या इंजिनांत वापरू नये. इंधनाचा ऑक्टेन अंक कमी असणे हे नॉकिंगचे वेगळे व स्वतंत्र कारण आहे.

तापमापकावर किती विश्वास ठेवावा

थर्मोकपल प्रत्यक्षात दोन टोकांच्या तापमानातील फरक मोजतो. गरम टोक इंजिनाशी आणि थंड टोक उपकरणफलकामागे. साध्या, बॅटरीविना चालणाऱ्या काट्याच्या तापमापकात थंड टोकाचे तापमान ठरावीक, म्हणजे खोलीतल्यासारखे, गृहीत धरलेले असते. उघड्या विमानात ते ५ अंश असू शकते किंवा ४५ही, आणि तेवढी चूक वाचनात शिरते. अशा तापमापकाची तार लांब पडते म्हणून कापली तर तिचा विद्युतरोध बदलतो आणि काटा वेगळा आकडा दाखवू लागतो. तरीही तारेची उरलेली लांबी गुंडाळून ठेवण्याऐवजी कापण्याची प्रथा कारागिरांत आढळते. सळईच्या टोकावर साचलेली काजळी, स्पार्क प्लग बदलताना चेपलेला वॉशर, सैल पडलेली जोडणी ही चुकीची आणखी कारणे.

यामुळे जाणकार वैमानिक पुस्तिकेतील मर्यादेबरोबरच आपल्या इंजिनाचे नेहमीचे आकडे वहीत टिपून ठेवतात. चढताना अमुक, प्रवासात अमुक, उतरताना अमुक, अशी नोंद असली की मर्यादेच्या आत राहूनही तीस अंशांनी सरकलेला काटा लक्ष वेधून घेतो.

इंजिन उघडल्यावर

रोटॅक्सच्या या इंजिनांसाठी संपूर्ण दुरुस्तीचा अवधी ३०० तास किंवा ५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तो ठरवलेला आहे. दरम्यान पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि रिंगांच्या खाचांत काजळी धरते. खाचेत काजळी भरून रिंग अडकली की पिस्टनची उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग बुजतो. तापमापक काहीच वेगळे दाखवीत नसताना पिस्टन आतून तापत जातो. ठरावीक तासांनी काजळी खरवडण्याचे काम म्हणून टाळता येत नाही.

जाम झालेल्या इंजिनाचा पिस्टन पाहून कारण बऱ्याच अंशी ओळखता येते. पिस्टनच्या घेरावर चार ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर, उभे ओरखडे असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला होता, म्हणजे इंजिन थंड असताना शक्ती मागितली गेली. ओरखडे केवळ एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर विरळ मिश्रण किंवा अतिताप संभवतो, कारण पिस्टनची तीच बाजू सर्वाधिक तापते. सगळीकडे सारखे घासलेले, कोरडे अंग तेलाच्या अभावाकडे बोट दाखवते. माथ्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, विशेषतः कडेला, ही नॉकिंगची खूण होय. आणि माथ्याच्या मध्यभागी वितळून पडलेले भोक असेल तर स्पार्क प्लगचा उष्णतामान-क्रमांक, मिश्रण व प्रज्वलनाची वेळ या तिन्हींची तपासणी झाल्याखेरीज नवा पिस्टन बसवला जात नाही.